कोंडराईचा पुकारा

विषय : भाईंदर (पूर्व), गोडदेव येथील सदनिका क्र. ३०४ मध्ये दिसणाऱ्या ओलीबाबत, तसेच मौजे कोंडराई येथील बुडीत क्षेत्राच्या अंतिम अहवालातील एका नोंदीच्या दुरुस्तीबाबत.

संदर्भ : १) जलविद्युत प्रकल्प, पुनर्वसन शाखा, अंतिम अहवाल, जून १९८८.
२) त्याखालील माझी सही.

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, सदर सदनिकेच्या सर्व भिंतींवर जमिनीपासून समान उंचीवर ओल आढळून येत असून तिचे उगमस्थान आढळून येत नाही.

ही भाषा मी एकतीस वर्षं लिहिली. तिच्यात एक मोठी सोय आहे. तिच्यात कोणीच काही करत नाही, सगळं आढळून येतं. गाव कोणी बुडवत नाही, ते बुडीत क्षेत्रात आढळून येतं. माणसांना कोणी उठवत नाही, ती स्थलांतरित आढळून येतात. या भाषेत माझा हात कोणी धरत नसे. म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो. साध्या मराठीत कर्ता लागतो.

१

नव्वद साली मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो आणि परळच्या दोन खोल्या सोडून भाईंदरला आलो. बिल्डरच्या पत्रकात इमारतीसमोर बाग होती. प्रत्यक्षात मिठागराचा उरलेला तुकडा होता, त्यात दोन म्हशी आणि पुढच्या इमारतीचा पाया. नळाला एक दिवसाआड, सकाळी साडेदहाला, पाऊण तास पाणी. निवृत्त माणसाला एवढं काम पुरतं. दोन पिंपं, चार कळश्या, एक बादली. शुभदा, म्हणजे माझी बायको, म्हणायची की नोकरीत असताना तुम्ही इतक्या वेळेवर कुठेच हजर नसायचात.

पंच्याण्णवच्या जानेवारीत, पाणी नसलेल्या एका दिवशी, पेपर वाचताना हॉलच्या भिंतीवर ओल दिसली. भाईंदरमध्ये ओल ही बातमी नाही. पण ओल वरून उतरते, नकाशासारखी पसरते, कडेला पोपडे धरते. ही तशी नव्हती. जमिनीपासून चार बोटांवर आडवी रेघ होती, पट्टी लावून मारल्यासारखी. रेघेखाली ओलं, वर कोरडं. मी उठून पाहिलं. स्वयंपाकघरात तीच रेघ, त्याच उंचीवर. आतल्या खोलीत तीच. कपाटामागे शिरायची आणि पलीकडून निघायची. दारावरही होती. दार उघडलं की रेघ दाराबरोबर फिरायची, दार लावलं की चौकटीवरच्या रेघेला नेमकी जुळायची. फरशी मात्र खडखडीत कोरडी.

सोसायटीचे सेक्रेटरी धर्मेशभाई आले, पाहून गेले. खालचा फ्लॅट कोरडा, वरचा कोरडा. "काका, नीचेवाला सूखा, उपरवाला सूखा, बीचमें तुमकोच पानी? कोणाला सांगू नका. बालदी घेऊन लाइन लागेल तुमच्या दारात." असं म्हणून ते स्वतःच हसले आणि पुंडलिकला पाठवतो म्हणाले.

पुंडलिक आमचा पंप चालवतो आणि नळकामही करतो. तो गोडदेवचाच. आमची इमारत त्याच्या आजोबांच्या मिठागरावर उभी आहे आणि हे तो आम्हाला विसरू देत नाही. त्यानं छिन्नीनं आतल्या खोलीच्या भिंतीचं वीतभर प्लास्टर काढलं. आत पाइप नव्हता. त्यानं ओल्या विटेवर बोट फिरवलं आणि चाटून पाहिलं.

"काका, ह्यो पानी हिकरचा न्हाय," तो म्हणाला. "हिकरं कितीबी खनला तरी खारा लागतं. ह्यो गोर हाय." गोर म्हणजे गोड.

मग त्यानं विटांच्या सांध्यातून काहीतरी उकरून माझ्या हातावर ठेवलं. तपकिरी, गुळगुळीत, खिशातल्या घड्याळाएवढी चपटी बी. त्यानं ती ओळखली नाही. मिठागरावर वाढलेला माणूस, तो कशी ओळखणार? मी ओळखली. ती गारंबीची बी होती. गारंबीचा वेल माणसाच्या मांडीएवढा जाड होतो आणि जुन्या, दाट, पाण्याकाठच्या रानातच होतो. असं रान मी आयुष्यात एकच पाहिलं होतं.

पुंडलिकला म्हटलं, बिल्डरनं वाळू कुठून तरी नदीतून आणली असेल, तिच्यात आली असेल. पुंडलिक हो म्हणाला. मला माझं स्पष्टीकरण फार आवडलं. जावक क्रमांक देऊन ठेवावं इतकं चांगलं होतं.

२

फेब्रुवारीतल्या एका रविवारी विठू आला.

पस्तिशीचा, काटक. हाताच्या रेषांत काळं बसलेलं. भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात भांड्यांना पॉलिश करणाऱ्यांचे हात असेच असतात. तो कोंडराईचा. बुडालेल्या गावातून उठवलेल्या लोकांना जिथे वसवलं तिथून त्यानं अहवालाची एक नक्कल मिळवली होती. तिच्याखाली नाव होतं. ते नाव त्याला आमच्या इमारतीच्या पाट्यांवर सापडलं. सात वर्षं तो शोधत होता आणि मी त्याच्या कारखान्यापासून चालत दहा मिनिटांवर पाणी भरत होतो.

त्याची आई सरूबाई. कोंडराईची राई होती, नदीच्या दोन्ही काठांना, गावापेक्षा जुनी, आणि ती राखण्याचं काम त्यांच्या घराण्याकडे. त्यांची झोपडी राईतच. अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले तेव्हा विठू भाईंदरलाच कामाला होता. ट्रकमधून गेलेल्यांना वाटलं, सरूबाई लेकाकडे गेली. लेकाला वाटलं, आई ट्रकमधून गेली. गणपतीला तो नव्या वसाहतीत गेला तेव्हा दोघांचंही वाटणं संपलं.

पुढचं त्यानं शांतपणे सांगितलं. अहवालाप्रमाणे सरूबाई स्थलांतरित. वसाहतीच्या यादीत ती दर वर्षी 'हयात, राहते' अशी लागते, कारण आदल्या वर्षीच्या यादीवरून यंदाची उतरवतात. जी हयात आहे तिचं कार्य करायला त्याची भावकी तयार नाही. सरकारी कागद खोटा कसा असेल, असं त्याच्या भावकीतल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं. अशी श्रद्धा माझ्या खात्यातल्या एकाही माणसाची नव्हती.

"आई त्या दिवशी तिथं होती का नव्हती, येवढंच लिहून द्या, साहेब," विठू म्हणाला. "मला दुसरं काय नको. तिला मोकळी करायची हाय."

मी त्याला सांगितलं की मी यादीप्रमाणे पुकारा केला होता आणि कोणीही शिल्लक आढळून आलं नव्हतं.

शुभदा चहा घेऊन आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. 'आढळून' हा शब्द मी घरात कधी वापरतो हे तिला ठाऊक होतं.

विठू उठला. जाताना त्याची नजर भिंतीवरच्या रेघेवर गेली. रेघ आता गुडघ्याला पोचली होती. तो वाकला, त्यानं ओलीवर तळहात ठेवला आणि वास घेतला. मग चप्पल हातात घेऊन जिना उतरला.

३

पुकारा कसा करायचा याचा आदेश मीच टाइप केला होता, म्हणून तो पाठ आहे. प्रत्येक घराच्या दारात उभं राहून कुटुंबप्रमुखाचं नाव तीन वेळा पुकारायचं. माणसानं ओ द्यायची. मग त्याला नव्या वसाहतीतला भूखंड क्रमांक सांगायचा, ट्रकमध्ये बसवायचं आणि मगच यादीत खूण करायची. अखेरीस शिल्लक माणसांच्या रकान्यात आकडा लिहायचा. कोणी नसेल तर 'निरंक'.

आणखी एक वाक्य होतं. ते तलाठ्यानं गावात दवंडी देऊन सांगितलं : नाव पुकारण्यापूर्वी जो घर सोडील त्याचा हक्क जाईल. लोक अधूनमधून नातेवाइकांकडे जात, परत येत, याद्या बिघडत. म्हणून हे वाक्य घातलं. कोणी घातलं? मी घातलं. साहेबांनी कौतुक केलं होतं.

राई मी पंच्याऐंशीत पाहिली होती, झाडं मोजायला गेलो तेव्हा. अर्जुन, उंबर, सातवीण, वाळुंज. भर दुपारी आत दिवा लावावा असा अंधार. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नसे. सरूबाईनं मला घोंगडीवर बसवून पाणी दिलं होतं आणि विचारलं होतं की झाडांनाबी नंबर देनार का. मी हसलो होतो. म्हणजे ती तिथे राहते हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या दहा जूनला मी कोंडराईला गेलोच नाही. पाऊस लागला होता, नदीपलीकडे राईत जळवा होत्या, आणि पंधरा तारखेला दरवाजे बंद करायचे होते, कारण मंत्र्यांची तारीख ठरली होती. मी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसलो. खानसामा कोंबडीचा रस्सा करत होता. ट्रक गावात गेले, ज्यांना जे मिळालं त्यात ते चढले. मी एकशे बेचाळीस नावांपुढे एकशे बेचाळीस खुणा केल्या. शेवटच्या रकान्यात लिहिलं : निरंक. अक्षर चांगलं आलं होतं.

धरणाचं पाणी लोंढ्यासारखं येत नाही. ते चढतं. दिवसाला वीत, कधी दीड वीत. राई बुडायला तीन आठवडे लागले. तीन आठवडे ती केव्हाही चालत वर येऊ शकली असती. टेकडी हाकेच्या अंतरावर होती. पण तिचं नाव पुकारलं गेलं नव्हतं.

४

मार्चमध्ये रेघ कमरेला आली. फरशी कोरडीच होती.

मी रेघेजवळ पेन्सिलनं तारखा घालत होतो. शुभदानं विचारलं, याचा काय उपयोग? मी म्हटलं, नोंद असलेली बरी. ती म्हणाली, तुमच्या नोंदींनी कोणाचं बरं झालंय ते मला सांगा. हे ती भांडायच्या आवाजात बोलली नाही, म्हणून जास्त लागलं.

तिचे पाय जड वाटू लागले होते. डॉक्टरांनी वय सांगितलं. वय तर मलाही होतं. एका दुपारी मी खुर्चीवर बसून तिला स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येताना पाहिलं. तिनं एका हातात ताट धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं निऱ्या उचलून धरल्या होत्या. पावलं सावकाश, आधी तळ चाचपून मग टाकलेली. नदी ओलांडणारी बाई चालते तशी ती आमच्या हॉलमधून चालत होती. ताट ठेवलं, निऱ्या सोडल्या, झटकल्या. आपण काय केलं हे तिला कळलंही नव्हतं.

मी तिला सांगितलं नाही. मग पाहिलं की मीही कोपर वर धरूनच चालतोय.

आवाज दुपारचे यायचे, अडीच ते चार. आतल्या खोलीतून. लाकडावर लाकूड हळू आपटल्याचा, पाण्यात तरंगणारा ओंडका काठाला लागावा तसा. मग बांगड्यांचा. मग गाठ आवळल्याचा; जुन्या लुगड्याच्या गाठोड्याला मारतात ती कच्ची गाठ, आवळायची, सोडायची, पुन्हा आवळायची. आणि मधूनमधून खाकरणं.

ते खाकरणं मी चांगलं ओळखतो. एकतीस वर्षं माझ्या टेबलासमोरच्या बाकावरून ऐकलंय. आपण इथे आहोत हे साहेबांना कळावं, पण साहेबांना राग येऊ नये, एवढंच माणूस खाकरतो. वर बघायची गरज नसते. मी कधी बघितलंही नाही.

आत जाऊन पाहिलं की खोली रिकामी असे. पलंग, कपाट, शिलाई मशीन. खिडकीतून पुढच्या इमारतीचा स्लॅब. सगळं जागच्या जागी. फक्त थंड. रानातली थंडी, कुजक्या पानांच्या वासाची. मी दार लावून घेई आणि मनात मुद्दे मांडी. एक, वाळू. दोन, वय. तीन, मनाचे खेळ. चौथा मुद्दा सुचायच्या आत दारामागून पुन्हा कोणीतरी खाकरे.

रेघ पलंगाच्या वर गेली होती तेव्हापासूनच शुभदाला आडवं झोपवत नव्हतं. आडवं पडलं की नाकातोंडात पाणी जातंय असं वाटे आणि ती खोकत उठे. ती खुर्चीत बसूनच झोपे. मी म्हटलं, संपदाकडे जा काही दिवस, म्हणजे आमच्या मुलीकडे, डोंबिवलीला. ती म्हणाली, जाते, पण आधी त्या मुलाला बोलवा आणि खरं सांगा. पोटात ठेवून ठेवून घरात भरलंय तुमच्या.

मी विठूला कारखान्यात जाऊन भेटलो. पॉलिशच्या मशीनजवळ उभं राहून सांगितलं. मशीनच्या आवाजात मला ओरडून सांगावं लागलं. दोन-तीन कामगारांनी ऐकलं. ठीक झालं.

विठूनं मशीन बंद केलं. हातातली ताटली पालथी ठेवली.

"म्हंजी तिला कोनी बोलावलंच न्हाय," तो म्हणाला.

५

एप्रिलमध्ये आम्ही दोघं कोंडराईला गेलो. कल्पना विठूची. तिचा पुकारा राहिलाय, तर तिथं जाऊन पुकारा करा, मग ती निघेल. मी म्हटलं, तू मुलगा आहेस, तू हाक मार. तो म्हणाला, माझ्या हाकेवर ती सात वर्षं आली न्हाय. घरच्याच्या हाकेवर निघालं तर हक्क जातो, असं तुमच्याच दवंडीत होतं.

आता ते अभयारण्य आहे. हे मला पाटीवरून कळलं. ज्या सरकारनं राई बुडवली त्याच सरकारनं त्र्याण्णव साली ती संरक्षित केली. पाण्यातून वर आलेले शेकडो वाळके बुंधे आहेत, त्यांवर पाणकावळे बसतात, आणि ते पाहायला मुंबईहून दुर्बिणी येतात. पाटीवर लिहिलंय : 'निसर्गाचा अमूल्य ठेवा. कृपया शांतता राखा.' खाली जलविद्युत प्रकल्पाची माहिती, किती मेगावॉट ते. त्यातली थोडी वीज आमच्या जिन्यातल्या दिव्यापर्यंत येत असणार. दिवा बहुतेक गेलेला असतो. राई, नदी आणि एक बाई मिळून तेवढं काम झालेलं आहे.

पाटीवर कोंडराई हे नाव नव्हतं. राईत कोणी राहत होतं असंही नव्हतं. 'मानवी वस्ती : निरंक,' असं छापलेलं होतं. माझाच शब्द. कोणीतरी माझ्या अहवालावरून उतरवून घेतला असणार.

फाटकावरच्या वनरक्षकाला मी सांगितलं की मला पाण्याच्या काठाशी जाऊन एक नाव तीन वेळा पुकारायचं आहे. त्याला वाटलं मी नवस बोललोय. तो भला माणूस होता. म्हणाला, काठाला जायला बंदी आहे, आणि मोठ्यानं बोलायला तर दंड आहे. पक्षी उडतात.

"माणूस बुडालंय तिथे," मी म्हटलं.

"असं आमच्या रेकॉर्डला नाही, काका. अर्ज करा वरती."

विठू त्याच्या अंगावर धावून जाईल असं मला वाटलं. तो फाटकाचा गज धरून उभा राहिला. पाणी उतरलेलं होतं. बुंध्यांवर, सगळ्या बुंध्यांवर एकाच उंचीला, आडवी रेघ होती. खाली काळं, वर पांढरं. त्यानं दूरच्या एका उंबराकडे बोट केलं. झोपडी तिथं. मी पाहिलं. बुंध्याला काहीतरी टेकलेलं होतं, गाठोड्याएवढं. ते लाकूडही असेल.

मी अर्ज केला. वन विभागानं कळवलं की बाब पुनर्वसनाची आहे. पुनर्वसन शाखेनं कळवलं की प्रकल्प पूर्ण झाल्यानं शाखा बंद झाली असून क्षेत्र वन विभागाकडे वर्ग आहे. दोन्ही पत्रांची भाषा इतकी निर्दोष होती की मला क्षणभर अभिमान वाटला, आणि मग इतका संताप आला की मी दोन्ही पत्रं भिंतीवर फेकली. ती रेघेखाली चिकटली आणि शाई विरघळून खाली ओघळली. रेघ तेव्हा माझ्या छातीला होती.

६

मेच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता मी घरातच पुकारा केला.

शुभदा डोंबिवलीला गेली होती. विठू सहा वाजल्यापासून येऊन बसला होता. बाहेर इंद्रलोक नावाच्या वसाहतीच्या बाजूला कुठेतरी लग्नाचा बँड वाजत होता. लख्ख ऊन होतं. मी धुतलेला सदरा घातला, चष्मा लावला, यादीची नक्कल हातात घेतली आणि आदेशात लिहिल्याप्रमाणे आतल्या खोलीच्या दारात उभा राहिलो. दार अर्धं उघडं होतं. सात वर्षांपूर्वी जे चालत जाऊन करायचं ते मी चपला न घालता करत होतो.

"सरूबाई भ्रतार रामू, राहणार कोंडराई."

बँड वाजत होता. काही नाही.

दुसऱ्यांदा पुकारलं. आतली गाठ आवळल्याचा आवाज झाला. या वेळी ती पुन्हा सुटली नाही.

तिसऱ्यांदा पुकारलं.

"हाय," दारामागून उत्तर आलं.

म्हातारा आवाज नव्हता, तरुणही नव्हता. खूप वेळ न बोललेला होता. माझ्या मागे विठूच्या तोंडून एक आवाज निघाला. तो मी कोणत्याही भाषेत लिहू शकत नाही. खोलीतल्या कॅलेंडरची खालची पानं हळूहळू वर उचलली गेली आणि पाण्यात पसरावीत तशी पसरून राहिली. आणि दाराच्या खालच्या फटीशी मला पावलं दिसली. दोन. साल निघालेल्या, बरीच वर्षं पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या रंगाची. उजव्या पावलाची टाच उचललेली होती. निघायच्या तयारीत.

"माजा नंबर कितवा, सायेब?"

आदेशात तेच होतं. ओ आली की भूखंड क्रमांक सांगायचा. मी यादीत पाहिलं. एकशे बेचाळीसावी ओळ. नाव होतं, खूण होती. भूखंड क्रमांकाच्या रकान्यात काही नव्हतं. व्हरांड्यात बसून खुणा करताना तो रकाना भरायचा राहिला होता आणि नंतर तिच्या वाटणीची जागा कोणाला तरी देऊन झाली होती. मी पान उलटलं. मागे कोरं. पुन्हा उलटलं.

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आता माहीत आहे. म्हणायला हवं होतं, बाई, चूक माझी, नंबर नाही, तुम्ही मोकळ्या आहात, जा. एवढी चार वाक्यं. पण समोर माणूस उभा आहे, कागदात उत्तर नाही, अशा वेळी मी एकतीस वर्षं जे म्हणत आलो तेच तोंडातून निघालं. विचार करायच्या आत निघालं.

"थांबा," मी म्हटलं. "बघून सांगतो."

टाच खाली टेकली.

बांगड्या वाजल्या, गाठोडं जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला, आणि कोणीतरी त्याच्याशेजारी बसलं. मग एकदा खाकरलं.

विठूनं माझ्या हातातली यादी काढून घेतली. मला मारेल असं वाटलं. मारायला हवं होतं.

"परत थांबवलीत तिला," तो म्हणाला. "परत."

मी पुन्हा दाराशी गेलो, पुन्हा पुकारलं, ती चार वाक्यंही म्हटली. उत्तर नाही. तिला एकदा थांबायला सांगितलंय आणि ती सांगितलेलं ऐकणारी आहे. मी म्हटलं, एखादा क्रमांक सांगून टाकू, कुठलाही. विठू म्हणाला, खोटा नको. खोट्या नंबरावर ती जाऊन उभी ऱ्हाईल आन् तिथला मानूस तिला हाकलंल. आणि हे तो अगदी सहज म्हणाला, जणू तिचा तो दिवस त्याला डोळ्यासमोर दिसत होता.

७

त्या दिवसापासून रेघ चढलेली नाही. उतरलेलीही नाही. पेन्सिलची शेवटची तारीख चौदा मे पंच्याण्णव आहे.

शुभदा परत आली. आम्ही हॉल आणि स्वयंपाकघर वापरतो. आतली खोली वापरत नाही. शुभदा दुपारी तिथे दाराशी तांब्याभर पाणी ठेवते. त्याला मी हरकत घेतलेली नाही. विठू दर रविवारी येतो, दाराकडे पाठ करून बसतो, चहा घेतो, जातो. माझ्याशी बोलत नाही. आईचं कार्य त्याला अजून करता आलेलं नाही, कारण ती शिल्लक असल्याचं ना कागद मान्य करतो, ना ती गेल्याचं. धर्मेशभाईंनी सोसायटीच्या सभेत कळवलं की ३०४ ची ओल हा त्या सभासदाचा खाजगी प्रश्न आहे.

सोळा मे पंच्याण्णव रोजी मी पुनर्वसन विभागाकडे नव्यानं अर्ज केला. मागण्या दोन. एक, अंतिम अहवालातील शिल्लक माणसांच्या रकान्यात 'निरंक' ऐवजी 'एक' अशी दुरुस्ती व्हावी आणि दुरुस्तीखाली चूक कोणाची ते माझ्या नावानिशी लिहावं. दोन, सरूबाई भ्रतार रामू हिला भूखंड क्रमांक द्यावा. अर्जासोबत माझा जबाब जोडला आहे. त्यात कर्ता घातला आहे.

त्यानंतर सहा स्मरणपत्रं पाठवली. दोनदा प्रत्यक्ष गेलो. दुसऱ्या खेपेला टेबलावरच्या लिपिकानं, चांगला मुलगा होता, फाइल शोधली, वर न पाहता म्हणाला, थांबा, बघून सांगतो. मी बाकावर बसलो. कार्यालय बंद होईपर्यंत बसलो होतो.

आज दिनांक नऊ डिसेंबर १९९६. अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे. अर्ज प्रलंबित आहे.